बंदी कुणीच घातली नव्हती

जानेवारी २०१९. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि आमच्या यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरणार होतं. त्याआधी इथे संमेलन झालं होतं ते १९७३ साली, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष असताना. माझे बाबा तेव्हा धड पहिलीतही नव्हते. यवतमाळचं नाव राज्यभरच्या पेपरांत पहिल्या पानावर येतं ते बहुतेकदा एकाच कारणासाठी, आणि ते कारण तुम्हाला माहीत आहे. या वेळी ते पुस्तकांसाठी येणार, याचं आम्हा पोरांना भारी अप्रूप होतं. होस्टेलवर ज्यांनी दहावीनंतर मराठीचं एक पुस्तक उघडलं नव्हतं, तेही ग्रंथप्रदर्शनाला जायचे बेत करत होते.

उद्घाटनाला नयनतारा सहगल येणार होत्या. वय ९१. दादरी प्रकरण आणि लेखकांच्या हत्यांनंतर २०१५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार परत करणाऱ्या त्या लेखिका. संमेलन ११ जानेवारीला सुरू व्हायचं होतं. त्याच्या मोजून काही दिवस आधी आयोजकांकडून त्यांना मेल गेली. निमंत्रण रद्द.

कारण काय, तर इंग्रजीत लिहिणाऱ्या बाईंच्या हस्ते मराठी संमेलनाचं उद्घाटन नको, असं म्हणत मनसेच्या एका स्थानिक नेत्याने संमेलन उधळण्याची धमकी दिली होती. त्यामुळे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल, असं आयोजकांचं म्हणणं.

आता पुढचं नीट बघा. राज ठाकरे यांनी जाहीर केलं की, त्यांचा सहगल यांना विरोध नाही, आणि दिलगिरीही व्यक्त केली. म्हणजे मनसेने बंदी घातली नाही. सरकार म्हणालं, हा आयोजकांचा निर्णय, आमचा संबंध नाही. म्हणजे सरकारने बंदी घातली नाही. साहित्य महामंडळाचा रोख आयोजकांकडे, आयोजकांचा सुरक्षेकडे. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. संमेलनाचे स्वागताध्यक्ष खुद्द जिल्ह्याचे पालकमंत्री होते. पोलीस ज्यांचे, मांडव ज्यांचा, त्यांना एका ९१ वर्षांच्या पाहुणीला अर्धा तास सुरक्षित ठेवणं जमत नव्हतं, असं आम्ही समजायचं होतं.

कोणत्याही कोर्टात जा, कोणत्याही कार्यालयात माहितीचा अर्ज टाका. सहगल यांच्यावर बंदी घातल्याचा एकही कागद सापडणार नाही, कारण बंदी कुणीच घातली नव्हती. तरी त्या आल्या नाहीत. आपल्याकडे सेन्सॉरशिप आता बहुतेक वेळा अशीच चालते आणि आपली पिढी नेमकी तीच ओळखायला चुकते, हे मला या लेखात सांगायचं आहे. चुकणाऱ्यांत मीही आहे. माझा त्यातला वाटा पुढे सांगतो.

●

आधी तो ‘इंग्रजी लेखिका’ हा आक्षेप. सहगल यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी घराण्यातले. संस्कृतचे जाणकार. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चा इंग्रजी अनुवाद त्यांनी केला. ब्रिटिशांच्या तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली आणि १९४४ साली ते गेले. नयनतारा जवाहरलाल नेहरूंच्या भाची, इंदिरा गांधींच्या आतेबहीण. पण आणीबाणीत त्या इंदिराबाईंच्या विरोधात उभ्या राहिल्या. जी बाई स्वतःच्या घरच्या सत्तेपुढे गप्प बसली नाही, ती यवतमाळला येऊन काय बोलेल याचा अंदाज सगळ्यांना होता. भाषेचा मुद्दा हा पुढे केलेला खांदा होता.

भाषण त्यांनी लिहून ठेवलंच होतं. निमंत्रण रद्द झाल्यावर ते सगळीकडे छापून आलं, मराठीतही. मी ते कॉलेजच्या कँटीनमध्ये मोबाईलवर वाचलं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली आणि वर्गातल्या ज्या पोरांना सहगल कोण हे आठवडाभर आधी माहीत नव्हतं, त्यांनीही ती पुढे ढकलली. मांडवात ऐकली असती त्याच्या कितीतरी पट माणसांनी ते शब्द वाचले. उद्घाटनाच्या दिवशी मांडवात काही महिलांनी सहगल यांचे मुखवटे घालून निषेध केला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच या प्रकाराबद्दल नापसंती व्यक्त केली.

त्या दिवशी मी जिंकल्याच्या आवेशात होतो. होस्टेलवर छाती पुढे काढून सांगत होतो, “आता इंटरनेट आहे बे, आता कोणाचं तोंड दाबता येत नाही. दाबलं की दहापट मोठं होतं.”

हे वाक्य तुम्हीही कधीतरी बोलला असाल. ते खोटं आहे. सहगल यांचं भाषण वाचलं कारण ते सहगल यांचं होतं. त्यांच्यामागे नाव होतं, आडनाव होतं, दिल्ली-मुंबईची वर्तमानपत्रं होती, भाषांतर करणारी माणसं होती. दाबल्यावर मोठा होतो तो आवाज आधीच मोठा असतो. लहान आवाज दाबला की तो फक्त दाबला जातो, आणि कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. आपण ग्रुपवर फॉरवर्ड करतो ते वाचलेलं असतं. मेलेलं फॉरवर्ड होत नाही.

सहगल यांच्या जागी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. नवरा शेतकरी, त्याने आत्महत्या केलेली. त्या उभ्या राहिल्या आणि मागे उरलेल्या बाईचं जगणं काय असतं ते सरळ, कुणाची भीड न ठेवता बोलल्या. मी मागच्या रांगेत होतो. माझ्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ रुमाल डोळ्यांना लावून बसले होते. आयोजकांनी अडचणीतून सुटायला त्यांना बोलावलं असेल, पण त्या कुणाची अडचण सोडवायला आल्या नव्हत्या. आज मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त हेच टोचतं. आमच्या जिल्ह्यातल्या अशा बाईला राज्याने ऐकावं म्हणून एका मोठ्या लेखिकेचं निमंत्रण रद्द व्हावं लागलं. एरवी तिचं बोलणं कोणत्या पानावर असतं?

●

त्याचं उत्तर शोधायला दोन वर्षं मागे जावं लागतं. २०१७चा पावसाळा. त्या वर्षी पऱ्हाटी कधी नव्हे एवढी वाढली होती, माणसाच्या डोक्याएवढी. बोंडअळीने धुमाकूळ घातला होता. फवारा मारताना औषध सरळ तोंडावर यायचं. फवारणी करणारे मजूर उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी अशा अवस्थेत यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये दाखल व्हायला लागले. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. पुढे विशेष तपास पथक नेमलं गेलं, मंत्री आले, कॅमेरे आले.

पण कधी? ऑगस्टमध्ये वॉर्ड भरत होते आणि राज्यभर ओरड झाली ती सप्टेंबरच्या अखेरीस, ऑक्टोबरमध्ये. मधल्या आठवड्यांत आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. कुणाचा सालदार गेला, कुणाचा भाचा व्हेंटिलेटरवर आहे, पानठेल्यावर याच गोष्टी चालायच्या. बातमी ठेल्यापासून पेपरपर्यंत पोचत नव्हती. ज्या आठवड्यात ‘हे औषध वापरू नका, तोंड बांधल्याशिवाय शेतात जाऊ नका’ असं ठळक अक्षरांत छापून येण्याची गरज होती, त्या आठवड्यातही लोक पंप पाठीवर घेऊन शेतात जात होते. सेन्सॉरशिप म्हटलं की आपल्याला लेखक आणि विचारवंत आठवतात. मला ते पंप आठवतात.

आमच्या तालुक्याच्या गावी एका दैनिकाचे वार्ताहर होते. बाबांचे मित्र, मी त्यांना काका म्हणतो. पेपरचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही पेपरचा वार्ताहर असता तरी गोष्ट हीच झाली असती. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, “काका, तुमाले तं आधीच माहीत होतं नं?”

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “माहीत असून काय करतं बावा? कृषी केंद्रवाले दिवाळीची जाहिरात देतेत. त्याइच्याच दुकानातल्या औषधाची बातमी मी कशी लिवू? लिवली तं जाहिरात गेली. जाहिरात गेली तं मी गेलो.”

“पन कोनी लिवू नको म्हटलं होतं का?”

“नाही नं. कोनीच नाही म्हटलं. मले समजते.”

‘मले समजते’ हे दोन शब्द मी विसरलेलो नाही.

तालुक्याच्या वार्ताहराचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्याला पगार नसतो. मानधन असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी महिन्याच्या पेट्रोललाही पुरत नाही. कमाई असते जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन आणि भाऊसाहेबांचा वाढदिवस, या प्रत्येकाची पुरवणी निघते आणि प्रत्येकीचं टार्गेट असतं. जाहिराती कोण देणार? सरपंच, बाजार समितीचे संचालक, झेडपी सदस्य, ठेकेदार, शाळेचे संस्थाचालक, कृषी केंद्रवाले. म्हणजे गावातल्या ज्या ज्या माणसाबद्दल बातमी होऊ शकते, नेमकी तीच यादी. पत्रकाराने ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच दारात त्याने पावतीपुस्तक घेऊन जायचं, अशी ही रचना आहे. या रचनेत सेन्सॉर अधिकाऱ्याला पगार देण्याची गरजच काय?

आणि हे त्याच मातीत, जिथे वणीच्या बापूजी अणे यांनी शंभर वर्षांपूर्वी यवतमाळहून ‘लोकमत’ नावाचं साप्ताहिक काढलं. अणे टिळकांचे अनुयायी. टिळकांना ‘केसरी’तल्या लेखांसाठी १९०८ साली राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली, ते मंडालेला गेले. तेव्हा लिहिण्याची किंमत तुरुंग होती. आता किंमत अर्ध्या पानाची जाहिरात आहे, आणि ती पुरते.

हे फक्त गावाकडच्या गरीब वार्ताहराचं दुखणं आहे, असं समजू नका. २००९च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारे मजकूर शब्दशः सारखे छापून आले होते. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून ते उघड केलं. चव्हाण यांनी निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा आकडा दाखवला होता ५,३७९ रुपये. निवडणूक आयोगाने पुढे त्यांना दोषी धरलं, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ साली आयोगाचा आदेश रद्द केला. कायद्यापुरतं प्रकरण तिथे मिटलं. पण वाचक म्हणून आपल्याला काय मिळालं? बातमी म्हणून जाहिरात.

याच काळात ‘पेड न्यूज’ची चौकशी करायला प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात वर्तमानपत्रांची नावं होती. कौन्सिलने २०१० साली नावं गाळून छोटासा अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ साली लोकांसमोर आला. म्हणजे वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचं रक्षण करायला बसवलेल्या संस्थेने वृत्तपत्रांबद्दलचाच अहवाल कापला. तिथेही बंदी कुणीच घातली नव्हती.

●

आता माझं.

नोकरी लागली, पुण्याला आलो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. वेबसाइटवर तुम्हाला ज्या जाहिराती दिसतात, त्या कुठे दाखवायच्या आणि कुठे नाही हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. या धंद्यात ‘ब्रँड सेफ्टी’ नावाची गोष्ट असते. साबण विकणाऱ्याला आपली जाहिरात खुनाच्या बातमीशेजारी नको असते. म्हणून शब्दांची एक यादी ठेवायची. पानावर त्यातला शब्द सापडला की तिथे जाहिरात दाखवायची नाही. जाहिरात नाही म्हणजे त्या पानाचे पैसे नाहीत.

इंग्रजी यादी आधीच होती. मराठी आणि हिंदीची करायची होती. टीममध्ये मराठी चांगलं लिहिता येणारा मीच, म्हणून काम माझ्याकडे आलं. जेवणाच्या सुट्टीआधी अर्ध्या तासात मी फाइल तयार केली. खून, बलात्कार, दंगल, मृत्यू, विषबाधा, आंदोलन. आणि अर्थातच, आत्महत्या.

कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, शब्दाची वेगवेगळी रूपं धरली आहेस का? मी म्हटलं, धरतो. मग मी असा नियम लिहिला की ‘आत्महत्येमुळे’, ‘आत्महत्यांचं’ आणि ‘आत्महत्याग्रस्त’ हे सगळे पकडले जातील. चाचणीसाठी एक खरी बातमी लागत होती. मी काहीही विचार न करता यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची बातमी उघडली. जाहिरातींच्या चौकटी रिकाम्या झाल्या. दुसऱ्या पानावर एका अभिनेत्रीच्या लग्नाचे फोटो होते, तिथे सगळ्या चौकटी भरलेल्या. म्हणजे नियम बरोबर चालत होता. हिरवी खूण आली. मी जेवायला गेलो.

मला खरंच आनंद झाला होता, हे लपवून काय उपयोग? ‘आत्महत्याग्रस्त’ हा शब्द पकडला गेला याचा. सरकारी कागदावर माझा जिल्हा ज्या शब्दाने ओळखला जातो, तो शब्द लिहिणाऱ्याला पैसे मिळू नयेत अशी व्यवस्था मी माझ्या हाताने केली होती, आणि ती बिनचूक केल्याबद्दल स्वतःवर खूश होतो.

हे डोक्यात पडायला मला बरेच महिने लागले. एखाद्या छोट्या मराठी वेबसाइटचा संपादक महिन्याच्या शेवटी आकडे बघतो. शेतीच्या, मोर्चाच्या, मृत्यूच्या बातम्या वाचल्या जातात, पण कमावत नाहीत. राशिभविष्य आणि सिनेमा कमावतात. त्याला कुणी फोन करत नाही, धमकी देत नाही. पुढच्या महिन्यात तो आपणहून काय करेल? काकांसारखंच. त्याला समजतं.

ती मेल पाठवणाऱ्या आयोजकांवर मी होस्टेलमध्ये केवढा चिडलो होतो. त्यांनी निदान एका माणसाला ‘येऊ नका’ म्हटलं, त्यांची नावं पेपरात आली, त्यांना शिव्या खाव्या लागल्या. माझ्या फाइलने किती बातम्यांना ‘येऊ नका’ म्हटलं ते मलाही मोजता येणार नाही. त्यासाठी मला कुणी शिवी दिली नाही. त्या वर्षी पगारवाढ मात्र झाली.

●

इथे कुणीतरी म्हणेल, आणीबाणी याहून वाईट होती. हो, होती. माणसं तुरुंगात होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. पण त्या काळातला एक प्रसंग आठवा. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हा केंद्रात मंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करू या, असं आवाहन दुर्गाबाईंनी केंद्रीय मंत्र्यांच्या देखत भर मांडवात केलं. पुढे त्यांना अटक झाली. दुर्गाबाईंना निदान मांडव मिळाला आणि समोर सत्ता बसलेली मिळाली. यवतमाळला सहगल यांच्यासमोर कुणी बसलंच नाही. ज्याच्याकडे बोट दाखवावं असा माणूसच समोर नसणं, हा नव्या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा आहे. अर्थात त्यांचा, आपला नाही.

उघड सेन्सॉरशिपशी लढता येतं, हे गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. २०१५ साली राज्य सरकारने राजद्रोहाच्या कलमाबद्दल असं परिपत्रक काढलं की, सरकारवर टीका करणाराही त्यात अडकेल अशी भीती निर्माण झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, परिपत्रक मागे घ्यावं लागलं. डिसेंबर २०२२मध्ये कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार सरकारने आठवडाभरात रद्द केला. शासन निर्णय कागदावर होता, म्हणून निषेधालाही पत्ता होता. लेखकांनी पुरस्कार नाकारले, समित्यांचे राजीनामे दिले. २०२३ साली केंद्राने आपल्या कारभाराबद्दल खरं काय नि खोटं काय हे ठरवायला स्वतःचंच तथ्य-तपासणी केंद्र आणायचा नियम केला. कुणाल कामरा आणि इतर कोर्टात गेले. सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला.

यात पक्षांची नावं बघून खूश किंवा नाराज होऊ नका. २००९मध्ये सत्ता एकाची होती, २०१९मध्ये दुसऱ्याची, धमकी देणारा तिसऱ्याचा. मार्च २०२५मध्ये राज्य सरकारने माध्यमांतल्या बातम्यांवर लक्ष ठेवायला दहा कोटी रुपयांचं केंद्र मंजूर केलं. उद्या सरकार बदललं तर ते केंद्र बंद होईल असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत. आणि त्या केंद्राने कुणावर कारवाई करावी लागेल असंही नाही. कुणीतरी वाचतंय, एवढं समजलं की पुरे. आपण सगळे फार समजूतदार आहोत.

दुसरा आक्षेप: ‘स्वतंत्र’ म्हणवणारी माध्यमं तरी कुठे धुतल्या तांदळाची आहेत? नाहीत. आमच्या जिल्ह्यातच हातात माइक आणि गळ्यात ओळखपत्र घालून फिरणारे यूट्यूब चॅनलवाले ढीगभर आहेत, त्यातले काही बातमी न दाखवण्याचे पैसे मागतात. मोठ्या शहरातले काही ‘निर्भीड’ पत्रकार रोज एकाच माणसाला शिव्या घालून व्ह्यूज मोजतात. सरकारपासून स्वतंत्र असणं सोपं आहे, आपल्याच प्रेक्षकांपासून आणि अल्गोरिदमपासून स्वतंत्र असणं कठीण आहे. म्हणून ‘स्वतंत्र’ हा शब्द ऐकला की मी एकच प्रश्न विचारतो: याचं पोट कोण भरतं? ज्याचं पोट हजार वाचक भरतात त्याला एक कृषी केंद्रवाला गप्प करू शकत नाही. ज्याचं पोट चार जाहिरातदार भरतात त्याला गप्प करायला एकही माणूस लागत नाही.

इथे तुमचा-माझा संबंध येतो. आपण बातमीचे पैसे देत नाही. मोबाईलच्या रिचार्जला देतो, क्रिकेट बघायला देतो, पिझ्झा घरी आणून देणाऱ्याला देतो. बातमी फुकट हवी, आणि वर पत्रकार विकले गेले म्हणून शिव्याही आपल्याच. आपण विकत घेतले नाहीत, म्हणून दुसऱ्याने घेतले.

तीन गोष्टी सांगतो, तिन्ही जमण्यासारख्या.

एक, पैसे द्या. ‘साधना’ साप्ताहिक साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलं, ते आजही निघतं, वर्गणी भरा. साईनाथ यांच्या ‘पारी’वर खेड्यातल्या माणसांबद्दलचं लेखन मराठीतही वाचता येतं; यवतमाळच्या फवारणीच्या विषबाधेवर जयदीप हर्डीकर यांनी तिथे सविस्तर लिहिलं आहे. ही नावं पटत नसतील तर तुम्हाला पटेल ते निवडा. तुमच्या मताचंच माध्यम असलं पाहिजे असं नाही, फक्त वाचकांच्या पैशावर चालणारं असावं.

दोन, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तुमच्या नगरपालिकेने, झेडपीने गेल्या वर्षी कोणत्या पेपरला किती रुपयांच्या जाहिराती दिल्या? उत्तर मिळालं की ते आकडे आणि त्या पेपरातल्या नगरपालिकेच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. मी फाइल लिहायला घेतला त्याहून जास्त वेळ लागणार नाही.

तीन, माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांसाठी. आपल्यापुढे यादी येते तेव्हा विचारा की हा शब्द यादीत का आहे आणि याने कुणाचे पैसे बुडतील. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नोकरी गेली असती असंही नाही, कदाचित दहा मिनिटांची मीटिंग झाली असती आणि ‘आत्महत्या’ शब्दासाठी वेगळा नियम केला गेला असता. मी विचारलं नाही कारण मलाही समजत होतं की विचारायचं नसतं.

आता मी दोन माध्यमांना दरमहा पैसे देतो. त्याला देणगी म्हणत नाही, दंड म्हणतो.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. काकांनी बातमीदारी सोडली. बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान टाकलं आहे, पीक विम्याच्या दिवसांत रांग लागते. मी विचारलं, आता तालुक्याची बातमी कोण देतं?

“बातम्या तं हायेत लेका,” ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, “लिवनारा कोनी नाही.”

मग रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळून त्यांनी त्याचं आधार कार्ड मागितलं.